विमान नेमकं चालवतंय कोण

आमच्या घरात कोणी कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही. लोक याला खोड म्हणतात, आम्ही व्यवहार म्हणतो. मी लहान असताना अण्णा, म्हणजे माझे वडील, केजच्या आडतीवर सोयाबीन घालायला जाताना मला सोबत न्यायचे आणि एकच काम सांगायचे. पोतं काट्यावर चढलं की सगळे आकड्याकडे बघतात. तू बघायचं नाही. तू मापाड्याच्या गुडघ्याकडे बघायचं. गुडघा हलला म्हणजे खाली पाय हलला, आणि पाय हलला म्हणजे मापात पाप. सोयाबीन संपेपर्यंत मी त्या माणसाच्या गुडघ्यावरून नजर हटवत नसे, आणि तो बिचारा उगाच अवघडून उभा राहायचा.

पुढे केजलाच मी गाडी चालवायला शिकले. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, आणि इतकी वर्षं गुडघे बघून मोठी झालेली मी नेमकी तिथं रस्त्याकडे बघत बसले. महिनाभर बस स्टँड ते तहसील, तहसील ते अंबाजोगाई रोड. चढावर गाडी कधी बंद पडली नाही, म्हैस आडवी आली तर जागच्या जागी थांबली. तो म्हणायचा, "ताई, तुमचा हात लई लवकर बसला." लायसन्स आलं. दुसऱ्याच दिवशी मी घरची जीप काढली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दूध डेअरीच्या भिंतीत नेऊन घातली. महिनाभर गाडी तो चालवत होता आणि मी चाक धरून शेजारी मिरवत होते, हे मला त्या भिंतीनं सांगितलं. अण्णा पडलेल्या विटांकडे बघून एवढंच म्हणाले, "गुडगा बगायचा आस्तो माय."

म्हणून बारावीनंतर परीक्षा देऊन, शिष्यवृत्ती मिळवून मी विमान शिकायला गेले तेव्हा पहिल्या दिवशी मला पंख दिसले नाहीत, पंखा दिसला नाही. मला दिसलं की दोघांच्या त्या चिमुकल्या विमानात डाव्या सीटपुढे जे चाक आणि जी पेडल आहेत, तशीच्या तशी उजव्या सीटपुढेही आहेत. डावीकडे शिकणाऱ्यानं बसायचं, उजवीकडे शिकवणाऱ्यानं. इकडचं चाक वळवलं की तिकडचंही वळतं. म्हणजे तिकडून वळवलं तर इकडचंही वळणार. काही दिवसांनी मला या विमानात एकटीला सोडणार होते, आणि वर डेअरीची भिंत नसते. आपण खरंच चालवतोय की आपल्याला नुसतं धरायला दिलंय, हे मला त्याच्या आधी कळायला हवं होतं. माझ्या दृष्टीनं बाकीचं सगळं शिक्षण त्यानंतरचं.

धावपट्टी आमच्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून होती आणि सरावाची जागा नेमकी आमच्याच डोक्यावर, केज तालुक्यावर. माझे शिक्षक नागपूरकडचे, पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे काय समजतात ते सांगायला नको. उड्डाण झालं, उंची मिळाली की ते नकाशा उलगडून आपल्या मांड्यांवर नीट पसरायचे, पार गुडघ्यांच्या खालपर्यंत. मग दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. मी मनात म्हटलं, झालं. हात लपवले, गुडघे झाकले. आडतीवरचा मापाडी परवडला, तो निदान लुंगी वर खोचून उभा राहायचा.

पहिले धडे साधे असतात. सरळ आणि एका उंचीवर उडायचं, चढायचं, उतरायचं, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं. सर म्हणायचे, "समोर परळीच्या वीजकेंद्राचा धूर दिसतोय? तो नाकाच्या टोकावर ठेव. हलू देऊ नकोस." मी ठेवायचे. धूर हलायचा नाही. गंमत म्हणजे मी बोटं सैल केली तरी हलायचा नाही. हे कसं, म्हणून विचारलं तर सरांनी मधलं एक छोटं चाक दाखवलं. ते बेतानं फिरवून ठेवलं की विमान आपली उंची आपणच धरून राहतं, त्याला ट्रिम म्हणतात. "विमान स्वभावानं चांगलं असतं. आपण कमी छळायचं," ते म्हणाले. मला यात सरळ सरळ पाणी मुरताना दिसलं. जे यंत्र आपोआप सरळ जातं त्यासाठी शाळा कशाला काढतील?

मग मी पाळत ठेवायला लागले. वळताना बाहेर क्षितिजाकडे बघायचं असतं, कारण नाक क्षितिजाच्या वर चाललंय की खाली हे तिथंच कळतं. मी मात्र वळण सुरू केलं की उजवीकडे नकाशाकडे बघायचे. कागद हलतोय का? मध्येच फुगतोय का? कधी वाटायचं हलला, कधी वाटायचं इंजिनाच्या थरथरीनं हलला. तोवर नाक खाली जायचं आणि उंची सुटायची. सर म्हणायचे, "बाहेर बघ. माझ्याकडे काय ठेवलंय?" मला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं. नकाशाकडे बघितलेलं यांना कावून टोचतं?

सगळ्यात वाईट म्हणजे ज्या दिवशी मी त्यांच्याकडे बघायला विसरायचे त्या दिवशी वळणं फार सुरेख व्हायची. केजचा बाजार पंखाखाली एकाच जागी फिरायचा, उंचीचा काटा जागचा हलायचा नाही. सर म्हणायचे, "छान." आणि ते 'छान' ऐकलं की मला केजचा तो गाडी शिकवणारा क्लासवाला आठवायचा आणि माझं तोंड कडू व्हायचं. स्वतःचं काम बघून स्वतःच छान म्हणतायत, असं वाटायचं.

स्टॉलच्या दिवशी तर माझी खात्रीच पटली. यात विमानाचा वेग मुद्दाम कमी करत न्यायचा आणि नाक वर उचलत राहायचं, इतकं की हवेला पंख पेलेनासे होतात. आधी भोंगा केकाटतो, मग विमान अंग झटकतं, आणि नाक धाडकन खाली जातं. आपण चाक पुढे ढकलायचं, वेग मिळवायचा, की विमान पुन्हा उडायला लागतं. मी सांगितल्याप्रमाणे केलं. पण मी चाक पुढे ढकलायच्या आधीच नाक खाली गेलं! मी उतरल्यावर सरांना विचारलंसुद्धा, "सर, नाक तुम्ही खाली केलं ना?" ते म्हणाले, "नाही, विमानानं केलं. त्याला जगायचं असतं." असल्या गोड वाक्यांनी आमच्या घरचं माणूस फसत नाही.

संध्याकाळी अण्णांना फोन केला की ते पहिला प्रश्न तोच विचारायचे.

"आज कोन चालविलं?"

"मीच, अण्णा."

"शेजारचा कुटं बगत हुता?"

"बाहेर."

"आन् हात?"

"मांडीखाली."

मग अण्णा म्हणायचे, "मांडीखाली हात घालून शाना मानूस बस्तो का कुटं? कायतरी हाय तितं." आणि मला रात्रभर झोप यायची नाही. कारण एकटीला सोडायचे दिवस जवळ येत होते आणि मला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

शेवटी मी सापळा लावायचा ठरवला. अगदी साधा. वळणात असताना न सांगता सगळं सोडून द्यायचं. सर चालवत असतील तर विमानाला काहीच फरक पडणार नाही, आणि चोर मुद्देमालासकट हाती लागेल. सर चालवत नसतील तर काय होईल, याचा मी विचार केला नव्हता. ही शक्यता मला शक्यता वाटतच नव्हती.

दिवाळीनंतरची सकाळ होती. गावं निम्मी ऊसतोडीला गेलेली, सोयाबीन निघून गेलेली काळी रानं खाली पडलेली, हवा इतकी थंड आणि निवांत की विमान जरासुद्धा हलत नव्हतं. केजवर आल्यावर सर म्हणाले, "डावीकडे वळ. पूर्ण गोल." मी डावीकडे कोणी नाही ना ते बघितलं, चाक वळवलं, विमान कललं, बाजाराची पत्र्याची छपरं पंखाखाली आली. वळण नीट बसलं. मग मी हळूच दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पाय पेडलवरून काढून खाली टेकवले.

विमान वळतच राहिलं. तसंच्या तसं.

सापडला! मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. मी खूश होऊन नकाशाकडे बघितलं, कारण आता तरी गुडघा दिसायलाच हवा होता. नकाशा हलत नव्हता. पट्टीचा आहे, म्हटलं, मुरलेला. मी बघत राहिले. इंजिनाचा आवाज किंचित वर चढला होता, खिडकीबाहेरचा वारा जास्तच शिट्टी घालायला लागला होता, पण मी गुडघ्यावरून नजर काढली नाही. तेवढ्यात सरांनी दोन्ही हात मांडीखालून बाहेर काढले, खिशातून खोकल्याची गोळी काढली आणि तिचा कागद सोडवायला लागले. एका हातात गोळी, एका हातात कागद. दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर.

"विमान कोण चालवतंय?" त्यांनी सहज विचारलं.

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी नाही," ते म्हणाले, आणि गोळी तोंडात टाकली.

मग मी बाहेर बघितलं. क्षितिज जिथं असायला हवं तिथं नव्हतं. डावा पंख पार जमिनीकडे झुकला होता, नाक खाली गेलं होतं, आणि केजचा बाजार गरगर फिरत वर येत होता. माझ्या तोंडून "आई गं" निघालं. सरांकडे बघितलं तर ते गोळी चघळत होते. हात पुन्हा मांडीखाली.

"मग घे ना," ते म्हणाले. "कोणीतरी घ्यायला हवं."

मी घेतलं. इंजिन कमी केलं, आधी पंख सरळ केले, मग नाक हळूहळू वर आणलं. हे सगळं मला येत होतं. कोणीतरी करून दाखवेल अशी वाट न बघता हात आपले आपण करत होते, आणि मी ते बघत होते. विमान सरळ झालं. परळीचा धूर पुन्हा समोर आला. मी ते धावपट्टीच्या दिशेनं वळवलं.

खाली उतरल्यावर सर बोलले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "पोट दुखलं, चक्कर आली, भूत दिसलं, काहीही होऊ दे, सोडायच्या आधी मोठ्यानं सांगायचं. समोरच्यानं 'घेतलं' म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. दोघांनाही वाटतं दुसरा चालवतोय, आणि लोक असे मरतात!" मी मान खाली घालून उभी. मग त्यांनी विचारलं, "का केलंस?"

मी खरं ते सांगितलं. क्लासवाला सांगितला, डेअरीची भिंत सांगितली, त्यांचे मांडीखालचे हात आणि झाकलेले गुडघे सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हात मला आवरत नाहीत म्हणून दाबून बसतो. शिकणारा चुकला की ते आपोआप पुढे जातात, आणि मग शिकणारा कधीच शिकत नाही. आणि नकाशा..." इथं ते जरा लाजले. "त्या दरवाजाच्या फटीतून वारा येतो. माझे गुडघे दुखतात."

"म्हणजे तुम्ही कधीच...?"

"पहिले थोडे दिवस लावला हात. त्यानंतर नाही."

मला खोलीवर जाऊन रडू आलं. राग आला तो माझा मलाच. ती सगळी सुरेख वळणं, तो जागच्या जागी फिरणारा बाजार, ते 'छान', सगळं माझं होतं, आणि मी त्यातलं एकही चाखलं नव्हतं. सगळं शेजारच्या माणसाच्या नावावर लावून मोकळी झाले होते. दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून प्यावं, ठीक आहे. मी ताक प्यायचंच सोडलं होतं.

अण्णांना हे सगळं फोनवर सांगितलं. मला वाटलं, आता तरी त्यांना पटेल.

"गोळी खात हुता?" अण्णा म्हणाले. "दोनी हातानं?"

"हो, अण्णा."

"आन् पाय?"

पाय नकाशाखाली झाकलेले होते. अण्णा म्हणाले, "तू गिऱ्हाईक हायस त्येचं. त्यो तुला आसंच सांगनार. गुडगं दुकत्यात म्हने." आणि मला प्रथमच कळलं की आमच्या घरच्या माणसाला एखादी खरी गोष्ट पटवून देणं किती अवघड असतं. मी इतके दिवस सरांशी असंच वागत होते.

पुढे धावपट्टीभोवती चकरा मारून उतरण्याचा सराव झाला. उतरताना माझी नजर अजूनही मधूनच उजवीकडे जायची, पण सरांनी आता नकाशा पसरणं सोडलं होतं. गारठ्यात गुडघे उघडे ठेवून बसायचे, तेवढंही मला पुरेसं होतं. मग एके दिवशी म्हणाले, घरच्यांना बोलवायचं तर बोलाव, एकटीला सोडायचं म्हणतोय. अण्णा पहाटेच जीप घेऊन निघाले. इस्त्रीचे कपडे, डोक्याला टोपी, आणि चेहरा आडतीवर जातानाचा.

सरांसोबत दोन चकरा मारल्या. मग धावपट्टीच्या कडेला विमान उभं करून सर खाली उतरले. उजव्या सीटचा पट्टा त्यांनी मोकळ्या सीटवरच आवळून बांधला, दार लावलं, बाहेरून ओढून बघितलं. "एक चक्कर. आत्तापर्यंत करतेस तेच," म्हणाले, आणि पाठ वळवून चालायला लागले. क्षणभर मला वाटलं, यातही काही डाव असेल.

एकटीचं विमान हलकं असतं, ते लवकर सुटतं आणि भसाभस चढतं. पहिल्या वळणाला सवयीनं मी उजवीकडे बघितलं. पट्टा बांधलेली सीट, आणि पलीकडे खिडकीतून काळी रानं. तिथं संशय घ्यायला कोणी नव्हतं. मला फार भीती वाटली आणि ती मी मोठ्यानं बोलूनही दाखवली, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून. मग बाहेर बघितलं. क्षितिज जागेवर होतं. वळण छान झालं, आणि या वेळी मीच मला 'छान' म्हटलं.

खाली काय चाललं होतं ते मला सरांनी नंतर सांगितलं.

अण्णा जीपला टेकून उभे होते. सर चालत त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले तेव्हा विमान धावपट्टीवरून सुटत होतं. अण्णांनी सरांकडे बघितलं, विमानाकडे बघितलं, परत सरांकडे बघितलं.

"सर, तुमी हितं. मंग तितं कोन हाय?"

"तुमची मुलगी."

"आन् शेजारी?"

"कोणी नाही."

अण्णांनी हे जरा वेळ तोलून बघितलं. सरांच्या हातात छोटा वायरलेस होता, गरज पडली तर माझ्याशी बोलायला. अण्णांची नजर त्याच्यावर गेली. "ह्ये बटन कशाचं?"

"बोलायचं."

"बोलायचंच ना? ह्येच्यानं हिकडं-तिकडं वळत न्हाई ना?"

सर म्हणाले, नाही हो. पण अण्णांनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. अण्णांनी वायरलेस घेतला आणि दोघांच्या मध्ये जीपच्या बॉनेटवर ठेवला. मग सरांना खिशातला दुसरा हातही बाहेर काढायला लावला. सरांनी दोन्ही हात मोकळे करून दाखवले, आणि अण्णांनी वर बघितलं.

वर मी वळत होते. पंख कलला, विमान गोल फिरलं, पुन्हा सरळ झालं. बॉनेटवर वायरलेस पडलेला, सरांचे हात रिकामे, आणि विमान आपलं व्यवस्थित वळतंय. अण्णा बराच वेळ मान वर करून बघत राहिले. सर म्हणाले, त्यांच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम आला होता.

मग अण्णांनी बॉनेटवरचा तो वायरलेस घाईघाईनं उचलला, सरांच्या हातात कोंबला आणि त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी घट्ट मिटवली.

"मानलं सर," अण्णा म्हणाले. "पोरगीच चालविती. आता तुमी उतरवा तिला."